तळघरातलं दिव्यांचं दुकान
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



कॉम्प्युटरच्या खेळाबद्दल रेडिओवर बोलणं म्हणजे सिनेमा फोनवरून दाखवण्यासारखं आहे, असं मला घरी ऐकवण्यात आलं. पण मी ज्या खेळाबद्दल बोलणार आहे त्याला ही अडचण नाही, कारण त्यात चित्रच नाही. काळा पडदा आणि त्यावर टिंबं, रेघा, इंग्रजी अक्षरं. माझा भाचा लहान असताना त्यानं पहिल्यांदा मला हा खेळ खेळताना पाहिलं आणि विचारलं, "आत्या, कॉम्प्युटर बिघडलाय का?"

बिघडला नव्हता. खेळाचं नाव 'नेटहॅक'. ईमेलच्या पत्त्यात जे 'ॲट'चं चिन्ह असतं, ते म्हणजे तुम्ही स्वतः. टिंब म्हणजे मोकळी जमीन, आडव्याउभ्या रेघा म्हणजे भिंती. लहान 'डी' म्हणजे तुमच्यासोबत आलेला कुत्रा. मोठा 'डी' दिसला तर मात्र पळावं, कारण तो ड्रॅगन. जमिनीखाली सुमारे पन्नास मजल्यांचं एक अफाट तळघर आहे. त्याच्या तळाशी येंडोरचा ताईत नावाची वस्तू आहे. ती शोधायची, सगळे मजले चढून परत वर आणायची, आणि आपल्या देवाला अर्पण करायची. सांगायला दोन वाक्यं लागली. मी 1993 पासून प्रयत्न करते आहे आणि अजून एकदाही ते मला जमलेलं नाही.

जमत नाही याचं पहिलं कारण म्हणजे तळघर दर वेळी नवं असतं. खोल्या, जिने, सापळे, राक्षस, खजिना, सगळं खेळ सुरू करताना आणि तुम्ही खाली उतराल तसतसं नव्यानं मांडलं जातं. काल डावीकडे जिना होता म्हणून आज असेल असं नाही. काल निळं औषध जखम बरी करणारं होतं, आज तेच निळं औषध झोप आणणारं असू शकतं. पाठांतराचा इथे फारसा उपयोग नाही.

दुसरं कारण अधिक मोठं. इथे मेलात की मेलात. खेळ अर्धवट ठेवून घरी जाता येतं. पण परत येऊन तो उघडला, की ठेवलेली प्रत खेळ स्वतःच पुसून टाकतो. म्हणजे "मागच्या जागेवरून पुन्हा" ही सोय नाही. महिनाभर जपलेला माणूस एका चुकीच्या कळीनं जातो. पडद्यावर अक्षरांनी काढलेला थडग्याचा दगड येतो. त्यावर तुमचं नाव, जवळचं सोनं, कोणी मारलं ते आणि साल.

आणि त्याच्या जरा आधी खेळ एक प्रश्न विचारतो, जो मला आजही टोचतो. तुमच्या सामानातल्या वस्तू खरोखर काय होत्या हे जाणून घ्यायचंय का? हो म्हटलं की यादी उलगडते. पंधरा दिवस पिशवीत बाळगलेली, भीतीपोटी न वाचलेली गुंडाळी तुम्हाला त्या खोलीतून क्षणात दूर नेणारी होती. न प्यालेलं औषध तुम्हाला वाचवणारं होतं. सगळं जवळ होतं. माहीत नव्हतं, इतकंच.

हा खेळ मला भेटला पिंपरी-चिंचवडच्या एका कारखान्यात. तिथल्या संगणक विभागात मी नोकरीला होते. युनिक्सवर चालणारं एक कपाटाएवढं यंत्र होतं आणि त्याला जोडलेले आठ टर्मिनल, हिरव्या अक्षरांचे. पगारपत्रकं छापायला लागली की लाइन प्रिंटर तासन्‌तास खडखडत असायचा आणि आम्हाला त्याच्यापाशी बसून राहण्यापलीकडे काम नसायचं. विभागात एक वयस्कर ऑपरेटर होते. टेप बदलणं, कागद भरणं ही त्यांची कामं. त्या यंत्रावर हा खेळ कोणी आणून ठेवला ते विचारायचं नसतं, पण तो कुठे ठेवलाय हे त्यांना माहीत होतं. खेळात ते आपल्या माणसाचं नाव 'तात्या' ठेवत. मग आम्ही पण त्यांना तात्याच म्हणायला लागलो.

खेळ सुरू करताना आपण कोण हे ठरवावं लागतं. तेरा प्रकारची माणसं आहेत. सामुराई, वैद्य, पुजारी, जादूगार, उत्तरेकडची लढवय्यी व्हॅल्किरी वगैरे. तात्या दर वेळी 'टूरिस्ट' घ्यायचे. म्हणजे पर्यटक. सगळ्यांत दुबळा. अंगात फुलाफुलांचा हवाई शर्ट, गळ्यात महागडा कॅमेरा, खिशात भरपूर पैसे आणि लढण्याची अक्कल शून्य. कॅमेऱ्याचा फ्लॅश मारून राक्षसांचे डोळे दिपवायचे आणि पळायचं, ही त्याची युद्धकला. गंमत म्हणजे दुकानात गेलं की दुकानदार त्या शर्टाकडे बघून भाव वाढवून सांगतो. महाबळेश्वरला आपल्याला येतो तोच अनुभव. व्हॅल्किरी घेतली तर जगण्याची शक्यता कितीतरी जास्त. मी तात्यांना तसं सांगितलं, तर म्हणाले, "ताई, आपण इथे पर्यटकच की."

हा खेळ आला कुठून तेही सांगते. 1980 च्या सुमारास कॅलिफोर्नियात सांताक्रूझच्या विद्यापीठातल्या मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन या दोन विद्यार्थ्यांनी 'रोग' नावाचा खेळ लिहिला. रोग म्हणजे आपला आजार नव्हे, इंग्रजीतला लबाड भामटा. पुढे बर्कलीचा केन अरनॉल्ड त्यांना मिळाला. पडद्यावर हव्या त्या जागी अक्षर उमटवण्याचं तंत्र त्यानं तयार केलं होतं, त्यावर हा खेळ उभा राहिला. बर्कलीच्या युनिक्सबरोबर तो विद्यापीठाविद्यापीठांत पोचला. पण खेळायला मिळाला तरी त्याचा मूळ प्रोग्राम हाती मिळत नव्हता.

मग जे व्हायचं तेच झालं. 1982 च्या सुमारास मॅसॅच्युसेट्समधल्या एका शाळेत जे फेनलसन नावाच्या मुलानं, तीन शाळूसोबत्यांना घेऊन, स्वतःच तसा खेळ लिहून काढला. त्याचं नाव 'हॅक'. शाळेतली मुलं, लक्षात घ्या. ते हॅक समुद्रापलीकडे ॲमस्टरडॅमच्या गणित संशोधन केंद्रात गेलं. तिथल्या आंद्रिस ब्राउवर या गणितज्ञानं ते जवळजवळ नव्यानं बांधलं आणि 1984 च्या डिसेंबरमध्ये 'यूजनेट' या त्या काळच्या जाळ्यावर सर्वांसाठी खुलं केलं. तिथून जगभर त्याची पिल्लं झाली. ती सगळी एकत्र करायचं काम माइक स्टीफनसन यांनी हाती घेतलं. इझचाक मिलर आणि जॅनेट वॉल्झ त्यांना येऊन मिळाले. 1987 च्या जुलैमध्ये पहिलं नेटहॅक आलं. नावातलं 'नेट' ते या जाळ्याचं. ही मंडळी वेगवेगळ्या गावांत राहून टपालासारखे प्रोग्रामचे तुकडे एकमेकांना पाठवत होती. कोणी कोणाला पगार देत नव्हतं. खेळ फुकट, मूळ प्रोग्रामसकट. तो आजही तसाच आहे.

फुकट कामाला जी एक लहर असते ती या खेळात जागोजाग दिसते. धंद्यासाठी लिहिणारा माणूस म्हणेल, याचा विचार कशाला करायचा, कोण बघतंय? हे लोक विचार करत बसले.

एक उदाहरण देते. कॉकट्राइस नावाचं कोंबड्यासारखं एक कल्पित जनावर आहे. त्याला उघड्या हातानं शिवलात तर तुमचा दगड होतो. आता ते मेलं. मेलेल्याला शिवलं तर? तरी दगड. मग हातमोजे घातले तर? तर उचलता येतं. उचललं तर ते मेलेलं कॉकट्राइस गदेसारखं फिरवता येईल का? येईल, आणि ज्याला लागेल त्याचा दगड होईल. इथवर माणूस खुश होतो. पण ते हातात धरून चालताना तुम्ही खड्ड्यात पडलात तर? पडताना ते तुमच्याच अंगाला लागतं, आणि हातमोज्यांचा उपयोग होत नाही. डोळ्यांना अंधारी आलेली असताना जमीन चाचपडलीत आणि तिथे ते पडलेलं असलं तर? तेच. प्रत्येक 'तर'चं उत्तर कोणीतरी आधीच लिहून ठेवलेलं आहे. खेळणाऱ्यांमध्ये म्हणच आहे, की बनवणाऱ्यांनी सगळ्याचा विचार केलेला असतो.

आपल्याला जवळच्या वाटतील अशाही गोष्टी त्यात आहेत. खेळ तुमच्या कॉम्प्युटरचं घड्याळ बघतो आणि चंद्राची कला काढतो. पौर्णिमा असेल तर तुमचं नशीब थोडं बरं. अमावास्या असेल तर त्या कॉकट्राइसचं फुत्कारणं जास्त घातक, मात्र जवळ मेलेला सरडा बाळगला असेल तर तितकं नाही. शुक्रवार आणि तेरा तारीख जुळली तर देवाची प्रार्थना न केलेलीच बरी. एरवी प्राण कंठाशी आले किंवा उपासमारीनं चक्कर यायला लागली की प्रार्थना करता येते आणि देव धावून येतो. पण एकदा धावून आला, की पुढची सुमारे हजार पावलं त्याला हाक मारू नये. उठसूट हाक मारणाऱ्यावर देव चिडतो. आमच्या विभागात एकदा चंद्रावरून वाद झाला आणि कोणीतरी कालनिर्णय आणून पडद्याशेजारी धरलं. खेळाचं बरोबर होतं.

तुम्ही शाकाहारी राहिलात की नाही याची नोंदही खेळ ठेवतो. राक्षस मारलेले चालतात, खाल्लेले चालत नाहीत. अंडं खाल्लं तर शाकाहार मोडत नाही, पण प्राणिजन्य काहीच न खाणाऱ्यांच्या यादीतून नाव जातं. आपल्याकडचा जुना वाद तिकडे असा मिटवलाय. आणि पोट भरल्यावर खात राहिलात तर गुदमरून मरता. याचा अनुभव मी घेतला आहे, खेळात.

कुत्र्याबद्दल सांगायला हवं. जमिनीवर पडलेली वस्तू शापित असेल तर कुत्रा तिच्यावर सहसा पाय ठेवत नाही, ठेवलाच तर नाइलाजानं ठेवतो आणि खेळ तसं सांगतो. म्हणजे जे तुम्हाला कळत नाही ते कुत्र्याला कळतं. त्याच्याकडे लक्ष ठेवायला हवं. शिवाय तो दुकानातून माल तोंडात धरून बाहेर आणतो आणि दुकानदाराला त्याचं काही वाटत नाही. पण भुकेनं स्वतःचा कुत्रा मारून खाल्लात, तर मात्र देव आणि दैव दोन्ही तुमच्यावर उलटतात.

हे सगळं ऐकून खेळ फार न्यायी आहे असं वाटेल. तसं नाही. मला त्याच्याबद्दल तक्रारी आहेत. कितीतरी गोष्टी अशा आहेत, की कोणी सांगितल्याशिवाय किंवा वाचल्याशिवाय सुचणं शक्यच नाही. धुळीत बोटानं एक विशिष्ट शब्द लिहिला की बहुतेक राक्षस घाबरून थांबतात. तो शब्द टॉल्किन यांच्या कादंबरीतला आहे. ज्यानं ती वाचली नाही त्यानं काय करावं? मरावं. आम्हाला तो शब्द तात्यांनी सांगितला. त्यांना कोणी सांगितला ते कळलं नाही. शेवटचे मजले तर मला कंटाळवाणेही वाटतात, म्हणजे तिथवर पोचलेले लोक तसं सांगतात आणि मला ते पटतं. काही विनोद शाळकरी आहेत. हातधुण्याच्या बेसिनला लाथ मारायची सोय कशाला हवी?

पण एक गोष्ट मी या खेळात शिकले. खेळ तुमची वाट बघतो. त्यात घाई नाही. तुम्ही कळ दाबत नाही तोवर राक्षस जागचा हलत नाही, मग तुम्ही चहा पिऊन या किंवा घरी जाऊन या. म्हणजे मरणाऱ्याला विचार करायला हवा तितका वेळ असतो. आणि तरी जवळजवळ प्रत्येक जण घाईनंच मरतो. सवयीनं कळ दाबत जातो. माझा पहिला माणूस, नाव मोठ्या हौसेनं 'बाजीराव' ठेवलेलं, एका पाणसरड्यानं मारला. पाणसरडा हा या खेळातला सर्वांत क्षुद्र प्राणी. मी पडद्याच्या खालच्या ओळीत आपली ताकद किती उरली ते बघितलंच नव्हतं. तात्यांची पद्धत वेगळी होती. धोका दिसला की ते कळफलकावरून दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवायचे. मग पिशवीतली एकेक वस्तू बघायचे. याचं काय करता येईल, त्याचं काय करता येईल. प्रिंटरचा कागद संपला तरी उठायचे नाहीत. यावरून साहेबांची बोलणी आम्ही सर्वांनी खाल्ली आहेत.

तात्या 1996 साली निवृत्त झाले. पुढच्या वर्षी गेले. आम्ही चारपाच जण घरी भेटून आलो. त्यांच्या मुलानं विचारलं, ऑफिसात बाबा काय करायचे? आम्ही एकमेकांकडे बघितलं.

आता खेळातली एक सोय सांगते. एका यंत्रावर अनेक जण खेळत असतील, तर एखादा मेला की कधीकधी तो मजला आहे तसा ठेवून दिला जातो. पुढे दुसरा कोणी खेळताना त्याच खोलीवर पोचला, तर त्याला नवा मजला न देता तो जुना दिला जातो. तिथे मेलेल्याचं सामान पडलेलं असतं, बहुतेक शापित झालेलं. ज्यानं मारलं तो राक्षस बहुधा अजून तिथेच असतो. आणि मेलेल्याचं भूत असतं, त्याच्या नावासकट.

या खेळात भुताला अक्षर नाही. आमच्या यंत्रावर तरी नव्हतं. सगळ्या प्राण्यांना अक्षरं, भुताचं चिन्ह म्हणजे रिकामी जागा. जमिनीच्या टिंबांमध्ये एक टिंब नाहीसं होतं, आणि ती पोकळी तुमच्याकडे सरकायला लागते. अगदी हळू. भूत इतकं सावकाश चालतं की त्याला टाळून सहज जाता येतं.

1998 च्या पावसाळ्यात, जेवणाच्या सुट्टीत, मी नवव्या मजल्यावर उतरले. खोलीत एका जागी सामानाचा ढीग दिसला. महागडा कॅमेरा, हवाई शर्ट. मी हात उचलून मांडीवर ठेवले. मग ती पोकळी कुठे आहे ते शोधलं आणि निरखण्याची कळ दाबली. वरच्या ओळीत उत्तर आलं, तात्याचं भूत.

इतर खेळाडूंची भुतं आम्ही नेहमी मारायचो. त्यात काही वावगं नव्हतं, गुण मिळायचे. या वेळी मी मारलं नाही. ढिगाला वळसा घालून गेले. ढिगात पाच मेणबत्त्या होत्या. त्या मी घेतल्या. मेणबत्त्यांचं काय महत्त्व आहे ते पुढे सांगते. त्यांना ठाऊक होतं आणि ते जमवत होते, एवढं मला तेव्हा कळलं. आपला हा दुबळा पर्यटक शेवटपर्यंत नेण्याचा त्यांचा बेत होता. आम्हाला ते कधी बोलले नव्हते.

पण असं ठेवलेलं भूत एकदाच भेटतं. कोणीतरी त्या मजल्यावर पोचलं, की यंत्रातली ती नोंद पुसली जाते. त्यानंतर ते फक्त त्याच्या चालू डावात असतं, आणि तो डाव संपला की तेही संपतं. हे मला माहीत होतं. म्हणून तो डाव मी पुढे चार महिने खेळले नाही. ठेवून दिला. मग एकदा उघडला, दोन मजले खाली गेले आणि मेले. 1999 मध्ये दोन हजार सालच्या भीतीनं कारखान्यानं नवी यंत्रणा आणली आणि ते जुनं यंत्र भंगारात गेलं.

मेणबत्त्यांचं सांगायचं राहिलं. तळघरातून बाजूला फुटणारी एक वाट खाणींमध्ये जाते. त्या खाणींत जमिनीखाली एक छोटं गाव आहे. देऊळ आहे, कारंजी आहेत, पहारेकरी आहेत, चारदोन दुकानं आहेत. कधीकधी दरोडेखोर आधी पोचलेले असतात आणि गाव उजाड सापडतं, पण बहुतेक वेळा ते नांदतं असतं. त्यात एक दिव्यांचं दुकान आहे. तेलाचे दिवे, मेणबत्त्या, नशीब असेल तर जादूचा दिवा. खेळातल्या इतर दुकानदारांची नावं बदलत असतात. या दुकानदाराचं नाव बदलत नाही. त्याचं नाव इझचाक.

मघाशी मी तीन नावं सांगितली, त्यातले हे इझचाक मिलर. ते पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवत. आपल्याला वस्तू दिसतात म्हणजे काय होतं, काळ सरतो आहे हे आपल्याला कळतं कसं, हे त्यांच्या अभ्यासाचे विषय. जर्मन तत्त्वज्ञ हुसर्ल यांच्यावर त्यांचं पुस्तक 1984 साली प्रसिद्ध झालं. आणि त्याच वर्षांत हा गृहस्थ मोकळ्या वेळात राक्षसांचे आणि सापळ्यांचे नियम लिहीत होता. 1994 साली कर्करोगानं ते गेले. खेळाची पुढची आवृत्ती 1996 च्या एप्रिलमध्ये आली, ती बाकीच्यांनी त्यांना अर्पण केली. खेळाच्या माहितीपुस्तिकेत तसं लिहिलेलं आहे.

दुकानातल्या इझचाकशी बोलता येतं. तो मालाचा भाव सांगत नाही. तो म्हणतो, सावकाश घे, नीट विचार कर. कधी म्हणतो, एका वेळी एकच गोष्ट हाती घ्यावी. कधी सांगतो, की आपल्या मंडळींचं कशावरही एकमत करणं फार अवघड असतं. कधी फेसाळ कॉफीबद्दल नाक मुरडतो, त्याला साधी कोलंबियन हवी असते. ज्यांनी त्याला ओळखलं होतं त्यांनीच हे लिहिलं असणार. आणि कधीकधी तो म्हणतो, की या दुकानातलं काहीतरी तुला पुढे लागेल.

ते खरं असतं. अगदी तळाशी, जिथे ताईत आहे तिथे शिरण्यासाठी एक विधी करावा लागतो. एक घंटा, एक पोथी आणि एक दीपदान लागतं. दीपदानात सात मेणबत्त्या लावाव्या लागतात. सहा चालत नाहीत. मेणबत्त्या वाटेत कुठे एखाददुसरी सापडते, पण सात एकत्र मिळण्याची भरवशाची जागा ते दुकान. म्हणजे जगात जे कोणी हा खेळ जिंकले, त्यातले बहुतेक जण इझचाकच्या दुकानातून जाऊन आलेले आहेत.

2003 च्या डिसेंबरमध्ये एक आवृत्ती निघाली आणि मग बारा वर्षं काहीच आलं नाही. लोकांना वाटलं, संपलं. तरी खेळत राहिले. 2012 साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयानं कोणते कॉम्प्युटर खेळ जतन करावेत त्याची इच्छायादी केली, त्यात हा अक्षरांचा खेळ होता. 2015 च्या डिसेंबरमध्ये एकदम नवी आवृत्ती आली. त्याच वर्षी टेरी प्रॅचेट हे इंग्रज विनोदी लेखक वारले होते. तात्यांचा तो कॅमेरेवाला पर्यटक मुळात त्यांच्या कादंबरीतला. नव्या आवृत्तीत तळघरात कुठेतरी प्रॅचेट यांचं एखादं पुस्तक पडलेलं सापडतं आणि उघडून वाचता येतं. पुन्हा तीच रीत. गेलेल्या माणसाला तळघरात एक जागा.

अलीकडे कृत्रिम बुद्धीचीही या खेळाशी गाठ पडली. 2020 साली फेसबुकच्या संशोधकांनी यंत्रांना शिकवण्यासाठी नेटहॅक निवडलं आणि 2021 साली त्याची स्पर्धा झाली. बुद्धिबळात आणि 'गो'मध्ये माणसाला हरवणाऱ्या पद्धतींचे वारसदार त्यात होते. स्वतः शिकणाऱ्या यंत्रांपेक्षा माणसांनी हातानं नियम लिहून दिलेले प्रोग्राम बरेच पुढे गेले. जिंकलं कोणीच नाही. जिंकण्याच्या जवळपासही कोणी पोचलं नाही. ही बातमी वाचून मला बरं वाटलं, हे कबूल करते.

कॉम्प्युटर बिघडलाय का म्हणणारा भाचा आता बंगळुरात नोकरी करतो. चित्रांचे, आवाजांचे, लाखो रंगांचे खेळ खेळून झाल्यावर गेल्या वर्षी त्यानं हा खेळ उतरवून घेतला. पाणसरड्यानं मारलं, कारंज्याच्या पाण्यानं मारलं, कुत्रा उपाशी मारला म्हणून त्याला वाईट वाटलं. दर वेळी फोन. मागच्या आठवड्यात रात्री साडेअकराला पुन्हा फोन आला. आवाज दबका होता, जणू कोणी ऐकेल.

"आत्या, खाणीतल्या गावात पोचलोय. दिव्यांचं दुकान दिसतंय. पण तो दुकानदार दारात उभा राहून आत सोडत नाहीये."

"तुझ्याकडे कुदळ आहे का?"

"आहे. बुटक्याला मारून घेतली."

"ती बाहेर ठेव. कुदळवाल्याला तो आत घेत नाही, भिंत फोडून पळशील म्हणून."

थोडा वेळ कळांचा आवाज आला. मग म्हणाला, "आलो आत. मेणबत्त्या आहेत. किती घेऊ?"

"सात," म्हटलं. "आणि आधी त्याच्याशी बोल."